सुतारकाम शिकायला व्हिडिओ कसा निवडावा

बेंगळुरूत हत्यारांची अडचण नाही. सिटी मार्केटजवळच्या एस. पी. रोडवर करवत, पटाशी, रंधा, गुण्या, क्लॅम्प सगळं मिळतं. म्हैसूर रोडच्या वखारींत लाकूड मिळतं. फ्लॅटच्या बाल्कनीत एका छोट्या बाकापुरती जागाही निघते. अडतं ते शिकवणाऱ्यापाशी. घरी फर्निचरच्या कामाला येणाऱ्या सुताराला ठरल्या दिवसांत काम उरकायचं असतं, आपल्याला शेजारी बसवून शिकवायची सवड त्याला कुठून मिळणार? मग आपण मोबाइल उघडतो, 'वुडवर्किंग फॉर बिगिनर्स' असं शोधतो आणि पुढ्यात व्हिडिओंचा ढीग पडतो. पाहण्यातच आठवडे जातात, फळीला हात लागत नाही.

म्हणून हा शोध टप्प्याटप्प्याने कसा घ्यायचा ते पाहू. माझं मत आधीच सांगतो. हात, हत्यार आणि लाकूड ही तिन्ही एकाच चौकटीत, न कापता, पुरेसा वेळ दिसतात तो व्हिडिओ चांगला. शिकवणाऱ्याचं वर्कशॉप केवढं आहे आणि व्हिडिओ किती लाख लोकांनी पाहिला, याला फार महत्त्व देऊ नये.

शोध सुरू करण्याआधी एक वस्तू ठरवा. 'सुतारकाम शिकायचं' एवढ्यावर शोध कुठेही भरकटतो. मी सुचवेन, जेवायला बसायचा पाट करा. साधारण 18 इंच लांब, 12 इंच रुंद, इंचभर जाड, खाली दोन आडव्या पट्ट्या. दिसायला सोपा आहे, पण फळी सपाट करणं, कडा जुळवणं, चिकटवणं, पट्टी बसवणं आणि शेवटचा हात फिरवणं ही पाचही कामं त्यात येतात. शिवाय तो घरात वापरला जातो, त्यामुळे आपलं काम टिकलं की नाही हे वर्षभरात कळतं.

आता गंमत अशी की 'पाट' शोधलात तर उपयोगाचं फारसं काही हाती लागत नाही. म्हणून वस्तूचे तुकडे करून एकेक काम शोधायचं. इंग्रजीत टाइप करताना 'शार्पनिंग अ प्लेन आयर्न' म्हणजे रंध्याच्या पात्याला धार लावणं. 'एज जॉइंट बाय हँड' म्हणजे दोन फळ्यांच्या कडा हाताने जुळवणं. 'क्रॉस बॅटन वुड मूव्हमेंट' म्हणजे आडवी पट्टी अशी बसवणं की फळी फुटणार नाही. वस्तूच्या नावाने शोधलं की प्रदर्शनं सापडतात, कामाच्या नावाने शोधलं की धडे सापडतात. हा एक बदल केला तरी शोध निम्मा सोपा होतो.

भाषा बदलूनही शोधून पाहा. हिंदीत 'रंदा' आणि 'धार' हे शब्द टाकले की उत्तरेतले कारागीर दिसतात. त्यांची हत्यारं आणि बसून काम करायची पद्धत आपल्याला जवळची वाटते. कन्नडमध्ये सुतार म्हणजे 'बडगी', पटाशी 'उळी' आणि करवत 'गरगस'. हे तीन शब्द शोधताना उपयोगी पडतात आणि दुकानातही.

यूट्यूबच्या शोधात 'फिल्टर' नावाचं बटण असतं. तिथे 20 मिनिटांहून मोठे व्हिडिओ निवडा, किंवा 'प्लेलिस्ट' निवडा. प्लेलिस्ट म्हणजे एकाच शिक्षकाने क्रमाने लावलेले धडे. मिनिटभराच्या उभ्या व्हिडिओंतून सुतारकाम शिकता येत नाही. त्यात दोन दिवसांचं काम चाळीस सेकंदांत उरकलेलं असतं, आणि नवख्याला जे नेमकं हवं असतं ते कापून टाकलेल्या भागात गेलेलं असतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नोव्हेंबर 2021पासून यूट्यूबने नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं. त्यामुळे फसवा व्हिडिओ वरून ओळखू येत नाही, आपल्यालाच पारखावा लागतो.

ही पारख दोन-तीन मिनिटांत होते. सुरुवातीचं बोलणं सोडून द्या आणि थेट मधल्या भागात जा, जिथे हत्यार लाकडावर चालू आहे.

आधी पाहा, धार दिसते का. रंधा चालवताना लांब, पातळ, अखंड साल निघते का, की भुसा आणि तुकडे पडताहेत? कान द्या. पातं धारदार असलं की आवाज स्वच्छ, एकसारखा येतो. बोथट पातं अडखळत, थरथरत जातं. चांगला शिक्षक या आवाजावर संगीत चढवत नाही, कारण तो आवाज हा धड्याचाच भाग आहे.

मग पाहा, तो तंतूंची दिशा सांगतो का. लाकडाला उभे तंतू असतात आणि ते क्वचितच फळीच्या पृष्ठभागाशी तंतोतंत समांतर जातात. रंधा त्यांच्या कलाने चालवला तर फळी गुळगुळीत होते, उलट चालवला तर तंतू उचकटून खड्डे पडतात. फळी उलटी फिरवून 'आता या बाजूने' असं न सांगणारा माणूस कदाचित उत्तम सुतार असेल, पण तो नवख्याला शिकवत नाहीये.

तिसरी खूण कारणांची. 'इथे पाव इंच सोडा' एवढं सांगून जो थांबतो त्याच्याकडून आपण तीच एक वस्तू करायला शिकतो. पाव इंच का सोडायचा हे जो सांगतो त्याच्याकडून पुढच्या दहा वस्तू करता येतात. आणि चौथी खूण म्हणजे तो तपासतो का. गुण्या लावून काटकोन पाहणं, सरळ पट्टी ठेवून तिच्या खालून उजेड येतो का ते बघणं, फेव्हिकॉल लावण्याआधी सांधा कोरडाच जोडून पाहणं, हे सगळं कॅमेऱ्यासमोर झालं पाहिजे.

या कसोट्यांना उतरणारे काही शिक्षक सांगतो. हाताच्या हत्यारांसाठी पॉल सेलर्स हे इंग्लिश सुतार माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत चांगले. मोजकी हत्यारं, संथ बोलणं, आणि कॅमेरा जवळ नेऊन धार कशी लावतात ते पुरेसा वेळ दाखवणं ही त्यांची पद्धत. अमेरिकेतले रेक्स क्रूगर यांची 'वुडवर्क फॉर ह्यूमन्स' ही मालिका स्वस्त, थोडक्या हत्यारांपासून सुरू होते आणि कामाचा बाक स्वतःच करायला लावते. विजेची हत्यारं वापरायची असतील तर 2008पासून व्हिडिओ करणारे स्टीव्ह रॅमसी सोप्या वस्तूंपासून पुढे नेतात.

कॅनडातले मॅथियस वांडेल यांची तऱ्हा वेगळी. ते पूर्वी ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. सांध्यांवर वजन टाकून, ते मोडून, कोणता किती टिकला हे ते मोजून दाखवतात. बेंगळुरूत 'हे कशावरून?' असं विचारणारे वाचक पुष्कळ, त्यांना हे आवडेल. जपानमधल्या इशितानी फर्निचरचे व्हिडिओ अवाक् करतात, पण त्यात बोलणं नाही. ते मनाच्या आनंदासाठी ठेवा, पहिला धडा म्हणून नको.

यांतला एकच शिक्षक निवडा आणि पहिली वस्तू पुरी होईपर्यंत त्याच्याकडेच राहा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. एकजण धार लावताना पात्याला बारीकसा दुसरा कोन द्या म्हणतो, दुसरा पात्याचा उतार हलका गोलसर ठेवा म्हणतो. दोन्ही पद्धती चालतात, पण अर्धी ही आणि अर्धी ती केली की धारच येत नाही. आणि बोथट हत्याराने केलेल्या प्रत्येक चुकीचा दोष नवखा माणूस स्वतःच्या हाताला देतो. म्हणून मी आग्रहाने सांगेन, पाहायचे पहिले व्हिडिओ धारेचे. दुकानातून आणलेल्या नव्या रंध्याचं पातंही सहसा कामापुरतं धारदार नसतं, ते आधी दगडावर पाजळावं लागतं.

आपल्याकडचं सरकारी साहित्यही पाहून घ्या. आयटीआयमध्ये 'कारपेंटर' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याचं साहित्य केंद्र सरकारच्या 'भारत स्किल्स' पोर्टलवर मिळतं. आयटीआयची पुस्तकं तयार करणारी चेन्नईची 'निमी' ही संस्था आहे. तिने 2025मध्ये नऊ भाषांची यूट्यूब चॅनेल सुरू केली, त्यांत मराठी आहे आणि कन्नडही. मांडणी शाळेसारखी असते, पण हत्यारांची नावं, त्यांचे भाग आणि मापनाचे मूलभूत नियम क्रमाने पक्के करायचे असतील तर असा अभ्यासक्रम हाताशी असावा. परदेशी शिक्षक हा क्रम आपल्याला येतो असं धरून चालतात.

शिक्षक ठरला की पुढचं काम म्हणजे त्याचा धडा बेंगळुरूच्या वखारीपर्यंत आणणं. हा भाग सावकाश वाचा, पैसे वाया जातात ते इथेच.

अमेरिकी व्हिडिओत पाइन, पॉप्लर, ओक, मेपल अशी लाकडं येतात. त्यांतलं पाइन आपल्याकडे बहुधा आयात मालाच्या खोक्यांच्या फळ्यांच्या रूपात मिळतं आणि सरावाला ते चांगलं आहे. बाकीच्यांचा शोध घेत फिरू नका. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक, केरळचं रबरवूड, आंबा आणि अर्थात सागवान ही इथली लाकडं. सागाला कन्नडमध्ये 'तेग' म्हणतात, आपल्या बिबळ्याला 'होन्ने', ऐनाला 'मत्ती'. ऐन कठीण असतो, नव्या हाताला आणि नव्या धारेला तो जड जातो. पहिला पाट सिल्व्हर ओकचा किंवा आंब्याचा करावा, सागाचा दुसरा.

मापांत दोन खड्डे आहेत. अमेरिकी शिक्षक 'टू बाय फोर' म्हणतो तेव्हा तो तुकडा 2 इंच गुणिले 4 इंच नसतो. रंधून झाल्यावर तो प्रत्यक्षात दीड इंच गुणिले साडेतीन इंच उरतो. नावाचं माप धरून आपण लाकूड कापून आणलं की सगळा नकाशा चुकतो. दुसरा खड्डा विकत घेताना. तिकडे लाकूड 'बोर्ड फूट'मध्ये मोजतात, इथे वखारीत घनफुटात. 12 बोर्ड फूट म्हणजे 1 घनफूट. आपला 18 × 12 × 1 इंचाचा पाट म्हणजे 216 घनइंच, आणि घनफुटात 1,728 घनइंच असतात. म्हणजे वरच्या फळीला घनफुटाचा आठवा हिस्सा लागतो. तासण्यात आणि कापण्यात जाणारं लाकूड आणि खालच्या पट्ट्या धरून थोडं जास्त मागा. हा हिशेब घरून करून गेलात तर वखारवाल्याशी बोलणं सोपं जातं.

नंतर ओलावा. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. 12 इंच रुंदीची फळी बेंगळुरूच्या कोरड्या मार्चपासून भर पावसाळ्यापर्यंत एक-दोन मिलिमीटर सहज बदलते. भारतीय मानक 287मध्येही देशाचे हवेतल्या दमटपणानुसार चार भाग पाडले आहेत आणि लाकडात किती ओलावा चालेल हे त्या त्या भागापुरतं सांगितलं आहे. वखारीतून आज आणलेलं लाकूड पुरतं वाळलेलं असेलच असं नाही. फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचून, ते काही आठवडे घरात राहू द्या. व्हिडिओतला शिक्षक हे करत नाही, कारण त्याने भट्टीत वाळवलेलं लाकूड विकत आणलेलं असतं.

पाटाच्या पट्ट्यांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. खालची पट्टी फळीच्या तंतूंना आडवी असते. तिला सगळीकडून फेव्हिकॉल लावून घट्ट केलं तर फळीला हलायला जागा राहत नाही आणि एखाद्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकते. उपाय दोन. एक, पट्टी स्क्रूने बसवायची आणि मधल्या स्क्रूखेरीज बाकीची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने थोडी लांबट करायची, म्हणजे फळीला सरकता येतं. दोन, 'स्लायडिंग डव्हटेल', म्हणजे वर अरुंद आणि आत रुंद होत जाणारी खाच करून पट्टी तिच्यात सरकवायची. आता आपण पट्टी बसवायचा व्हिडिओ निवडताना काय पाहायचं ते कळेल. शिक्षक लाकडाच्या या हालचालीचा उल्लेखही न करता आडवी पट्टी चिकटवून टाकत असेल, तर तो व्हिडिओ बंद करा.

रसायनांची नावंही बदलतात. 'मिनरल स्पिरिट्स' म्हणजे आपल्याकडचं मिनरल टर्पेंटाइन. नावात स्पिरिट आहे म्हणून पॉलिशचं स्पिरिट घेऊ नका, आणि रंगाच्या दुकानातला एन. सी. थिनर तर मुळीच नको. 'शेलॅक' म्हणजे लाखेचा चपडा, तो पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विरघळतो. अळशीचं तेल लावायचं ठरवलंत तर एक सूचना पाळाच. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला की तेल वाळताना उष्णता साठते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

विजेची हत्यारं परदेशातून मागवायची असली तर आधी त्यावरची पाटी वाचा. अमेरिकेत 120 व्होल्ट, इथे 230. जपानी करवत मागवलीत तर ती ओढताना कापते, आपल्या ओळखीची नेहमीची करवत ढकलताना. दोन्हींचा जोर उलट असल्यामुळे कोणत्या करवतीचा धडा पाहतो आहोत हे आधी ठरवा, नाही तर जपानी करवतीचं पातळ पातं वाकतं.

सुरक्षिततेसाठी मी एक कडक चाळणी लावतो, आपणही लावा. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलेलं दिसलं की तो व्हिडिओ सोडायचा. हे यंत्र लोखंड घासण्या-कापण्यासाठी आहे, मिनिटाला 10,000च्या आसपास फेरे घेतं, आणि दाता लाकडात अडकला की झटका थेट हाताला बसतो. मार्बल कटरने प्लायवूड कापणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते वेगात होतं म्हणून शिकू नका. 'नीट दिसावं म्हणून गार्ड काढलं आहे' असं म्हणणाऱ्याचं निदान म्हणणं तरी लक्षात ठेवा, आपल्याकडे ते पात्यावरचं झाकण काढायचं नाही. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात. आणि बारीक धूळ उडत असेल तिथे मास्क हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995मध्येच कर्करोग होण्याचं सिद्ध कारण म्हणून नोंदवली आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हाताची हत्यारं सोयीची पडतात त्याचं हेही एक कारण आहे. रंध्याची साल झाडूने गोळा होते, सँडरची धूळ घरभर पसरते.

आता पाहायचं कसं. पहिल्यांदा व्हिडिओ सलग पाहा, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा एकच क्रिया निवडा, वेग अर्धा करा, आवाज बंद करा आणि फक्त शिक्षकाचे पाय, कोपर आणि अंगठा पाहा. रंध्याचा जोर सुरुवातीला पुढच्या मुठीवर असतो आणि शेवटी मागच्या मुठीवर जातो. हे सांगून कळत नाही, अर्ध्या वेगात दिसतं. तिसऱ्यांदा फळी बाकावर लावून, एक मिनिट पाहून थांबवा आणि तेवढंच करा.

यानंतर स्वतःचा मोबाइल शिक्षकाच्या कॅमेऱ्याच्या कोनात उभा करून आपल्या हातांचं चित्रण करा. दोन्ही शेजारी लावून पाहिले की करवत तिरकी का जाते ते दिसतं. बहुतेक वेळा कोपर शरीरापासून लांब गेलेलं असतं, किंवा मूठ फार घट्ट असते. व्हिडिओ आपल्याला पाहत नाही, ही उणीव एवढ्याने बरीच भरून निघते.

तरी काही गोष्टी पडद्यावर येत नाहीत. लाकडाचं वजन, वास आणि ओलसर फळीचा हाताला लागणारा गारवा या त्यांतल्या. त्यासाठी मल्लेश्वरमला 18व्या क्रॉसजवळच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे आयडब्ल्यूएसटीची, चौकशी करा. 1938मध्ये सुरू झालेल्या वन प्रयोगशाळेतून 1988मध्ये ही संस्था उभी राहिली. लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह तिथे आहे आणि लाकूड ओळखणं, वाळवणं अशा विषयांवर अल्पमुदतीची प्रशिक्षणं होतात. जाण्याआधी वेळापत्रक विचारून घ्या.

रविवार मोकळा असेल तर म्हैसूरच्या वाटेवर सुमारे 60 किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तिथलं काम लेथवरचं, कातारी कलेतलं. पाटाच्या कामाशी त्याचा थेट संबंध नाही, पण काळ्या कुड्याच्या मऊ लाकडावर पटाशी कोणत्या कोनात टेकवली की साल निघते आणि कोणत्या कोनात नुसतं खरवडलं जातं, हे तिथे हातभर अंतरावरून पाहता येतं. आपले सावंतवाडीचे चितार आळीतले कारागीर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवं नसेल. कारागिराची परवानगी घेऊन त्या हातांचंही चित्रण करून आणा, आणि घरी ते अर्ध्या वेगात लावून पाहा.